बंदराची सुरक्षा : पहारा कुणाचा आणि कुणावर?

बंदरांच्या सुरक्षेच्या नावाखाली व्यवस्थापनांनी गेल्या काही वर्षांत एक नवी परिभाषा रूढ केली आहे. कामगाराचे आता 'मनुष्यबळ' झाले आहे, आणि या मनुष्यबळाचे व्यवस्थापन म्हणजे अंगठ्याचा ठसा, पोलीस पडताळणी, छायाचित्रक आणि दर काही महिन्यांनी बदलणारा कंत्राटदार! या साऱ्यामागचे गृहीत एकच : धोका राबणाऱ्याकडून आहे, आणि मालक हा सुरक्षेचा स्वाभाविक रखवालदार आहे. हे गृहीत इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. ते कामगारवर्गाच्या हिताविरुद्ध तर आहेच, पण देशाच्या सुरक्षेच्याही विरुद्ध आहे.

बंदर म्हणजे केवळ धक्का नव्हे. रायपूरलगतच्या उरला औद्योगिक वसाहतीपासून विशाखापट्टणमचा समुद्र पाचशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. तरीही बंदराची सुरक्षा अशाच ठिकाणी सुरू होते. २०१७ सालापासून निर्यातदाराने आपल्याच आवारात कंटेनर भरून त्याला स्वतः इलेक्ट्रॉनिक मोहोर लावण्याची पद्धत सरकारने आणली. मोहोर शाबूत असली की सहसा पेटी न उघडताच माल जहाजाकडे जातो. म्हणजे पेटीत काय आहे याचा खरा साक्षीदार ती भरणारा कामगारच! उरला ही पोलाद, रोलिंग मिल आणि स्पंज आयर्नची वसाहत. स्पंज आयर्नला ओल लागली की ते तापते व हायड्रोजन वायू सोडते. म्हणूनच सागरी वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत त्याची गणना धोकादायक मालात होते. माल कोरडा आहे की ओला, गार आहे की तापलेला, हे प्रथम हाताळणाऱ्याला कळते. पण उद्या कामावर असू की नसू याचीच ज्याला शाश्वती नाही, तो कंत्राटी मजूर लादणी थांबवा असे कुणाला सांगणार? आणि सांगितले तर परवा त्याला फाटकाच्या आत कोण घेणार?

मुंबईच्या गोदीने या प्रश्नाची किंमत रक्ताने मोजली आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाचा स्फोट झाला. कापसाच्या गाठी आणि स्फोटके एकाच जहाजात भरलेली होती. जेवणाच्या सुटीनंतर परतलेल्या गोदी कामगारांना जहाजाच्या पोटात धूर दिसला. तोवर फार उशीर झाला होता. शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. हा घात कामगाराने केला नव्हता; असा माल एकत्र भरण्याचा निर्णय त्याचा नव्हता.

त्या काळी गोदीत टोळीवाल्यांचे राज्य होते. मजुराला रोज सकाळी फाटकावर उभे राहून काम मागावे लागे. संघटित लढ्यांच्या दडपणाखाली १९४८ साली गोदी कामगार (रोजगार नियमन) कायदा झाला आणि त्यानुसार मुंबईत गोदी कामगार मंडळ उभे राहिले. नोंदणी, हजेरीची हमी, पाळीची शिस्त! गोदीला ज्या सुरक्षेचा लाभ झाला, ती पहारेकऱ्याच्या बंदुकीपेक्षा या कायमपणातून आली.

हीच कमाई पद्धतशीरपणे मोडीत काढली जात आहे. १९९९ साली न्हावा-शेवा येथे देशातील पहिले खाजगी कंटेनर टर्मिनल सुरू झाले. ३० ऑगस्ट २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोलाद प्राधिकरण विरुद्ध नॅशनल युनियन वॉटरफ्रंट वर्कर्स या खटल्यात निर्णय दिला, की कंत्राटी पद्धत रद्द झाली तरी कामगार आपोआप मुख्य मालकाच्या सेवेत सामावला जाणार नाही. पुढे २०२० च्या श्रमसंहितेने कंत्राटी कामगारविषयक तरतुदींची मर्यादा २० कामगारांवरून ५० वर नेली. ४९ मजुरांचा कंत्राटदार या तरतुदींतून मोकळा!

येथेच राज्यकर्त्यांचे ढोंग उघडे पडते. १ जुलै २००४ पासून लागू असलेली जहाज व बंदर सुरक्षेची आंतरराष्ट्रीय संहिता कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा आग्रह धरते. निदान दर तीन महिन्यांनी सराव घ्यावा, असे सांगते. पण सरावापूर्वीच माणसे बदलत असतील तर सराव कुणाचा? एका हाताने संहितेवर सही करायची आणि दुसऱ्या हाताने ती पाळू शकणारा कामगारच हाकलायचा, हे यांचे मनुष्यबळ व्यवस्थापन!

घातपात्यांचे काय, असे विचारले जाईल. अवश्य विचारावे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतील आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर उतरले. त्या खटल्यात दोषी ठरलेल्यांत सीमाशुल्क खात्याचे वरिष्ठ अधिकारी आणि पोलीस होते. ती वाट हमालाने उघडून दिली नव्हती. लाचेने दिली होती. तरी संशयाची सुई हमालाकडेच!

उरला परिसरातील कामगारांना हे नव्याने सांगावे लागत नाही. १९९०-९१ मध्ये भिलाईपासून उरल्यापर्यंतचे कंत्राटी कामगार कायम नोकरी आणि जगण्याजोग्या वेतनासाठी लढले. २८ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी यांची हत्या झाली आणि १ जुलै १९९२ रोजी भिलाईत पोलिसांनी आंदोलकांवर गोळ्या झाडल्या. मार्गाविषयी मतभेद असतील. पण ती मागणी साऱ्या कामगारवर्गाची होती व आहे.

म्हणून आपली भूमिका निःसंदिग्ध असली पाहिजे. बंदरातील व कंटेनर आगारांतील बारमाही कामे कायम कामगारांकडे द्या. माथाडी कायद्याच्या धर्तीवर मालभरणी करणाऱ्यांची नोंदणी करणारी मंडळे सर्व राज्यांत स्थापन करा. धोकादायक मालाची माहिती कामगाराला त्याच्या भाषेत द्या. धोका दिसताच काम थांबविण्याचा हक्क त्याला द्या आणि तो बजावल्याबद्दल कुणाची नोकरी जाणार नाही याची कायदेशीर हमी द्या. सुरक्षा समित्यांवर संघटनांचे निवडून आलेले प्रतिनिधी घ्या.

या मागण्या गोदीच्या फाटकावर जितक्या मांडायच्या, तितक्याच उरल्यासारख्या अंतर्भागातील कारखान्यांच्या दारांतही मांडल्या पाहिजेत. कारण पेटी एक आहे आणि ती भरणारे व उतरविणारे हात एकाच वर्गाचे आहेत. त्या हातांची एकजूट हीच बंदराची खरी तटबंदी होय!