पांडुरंग सांगवीकर कुणाचा?

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' ही कादंबरी १९६३ साली प्रसिद्ध झाली. तेव्हा लेखकाचे वय अवघे पंचवीस होते. आज साठ वर्षे उलटली, नेमाड्यांना २०१४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, तरी या कादंबरीवरचे भांडण मिटलेले नाही. एक म्हणतो, मराठीत अशी कादंबरी दुसरी झाली नाही. दुसरा म्हणतो, एवढी पाने वाचली, पण गोष्ट कुठे आहे?

हे भांडण जुनेच आहे. फडके-खांडेकरांच्या रेखीव, अलंकारिक कादंबऱ्यांवर वाढलेल्या वाचकासमोर एकदम पांडुरंग सांगवीकर येऊन उभा राहिला. खानदेशातल्या खेड्यातला हा मुलगा पुण्याला कॉलेजात येतो, वसतिगृहात राहतो, मेसचे आणि गॅदरिंगचे नसते उद्योग अंगावर घेतो, वडिलांचा पैसा उडवतो, परीक्षेत आपटतो आणि शेवटी गावी परत जातो. ना धड प्रेमप्रकरण, ना ध्येयवाद! जुन्या रसिकांना ती कादंबरीच वाटली नाही. तरुणांची मात्र ती बायबल झाली आणि 'उदाहरणार्थ' व 'वगैरे' हे दोन साधे शब्द त्यांच्या तोंडी बसले. अमेरिकेत सॅलिंजरच्या 'कॅचर इन द राय' या १९५१ सालच्या कादंबरीचेही असेच झाले. तरुणांनी ती डोक्यावर घेतली आणि कित्येक शाळांनी ती बाहेर काढली. या दोन पुस्तकांची तुलना आजवर अनेकांनी केली आहे.

परंतु समीक्षकांच्या वादापेक्षा मला आपल्या आसपासचे वाचक अधिक महत्त्वाचे वाटतात. आमच्या सरांच्या मते 'कोसला' हा अस्तित्वाच्या पोकळीचा शोध आहे. वर्गातील एक मित्र म्हणाला, "हा तर आमच्या होस्टेलचाच रिपोर्ट आहे!" एका मैत्रिणीने मात्र वेगळाच मुद्दा काढला. ती म्हणाली, "पांडुरंग नापास झाला तर त्याला घर आहे, शेती आहे. मी नापास झाले तर दिवाळीनंतर माझे लग्न ठरेल." यावर वर्गात कुणालाच उत्तर सुचले नाही.

माझे वडील चौथी शिकलेले. किहीमला मुंबईच्या एका शेठजींच्या बंगल्याची राखण करतात, वाडीला पाणी देतात. त्यांना मी काही भाग वाचून दाखवला. शांतपणे ऐकून ते म्हणाले, "बापानं मोजून पैसे पाठवले, त्यातला हिशेब लागत नाही, आणि रडतोय पोरगा?" त्यांची सगळी सहानुभूती पांडुरंगाच्या वडिलांकडे गेली. आजीचे निराळेच. पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवी येऊन दगावते, तो भाग चालू असताना तिने हातातले निवडण बाजूला ठेवले आणि दंडावरचे लस टोचल्याचे व्रण चाचपले. १९८० साली जगातून देवीचे उच्चाटन झाल्याची घोषणा झाली. आमच्या पिढीला तो केवळ इतिहासाच्या पुस्तकातला रोग आहे. आजीला नव्हता.

आता यातला कुणाचा अभिप्राय खरा मानायचा? माझ्या मते सगळेच खरे आहेत, कारण प्रत्येकजण आपल्या जागेवरून बोलतो आहे. ज्याच्या घरी शिक्षण पूर्वीपासून आहे, त्याला पांडुरंगाचे अपयश हे बंड वाटू शकते. ज्याच्या घरातून कॉलेजात येणारा तो पहिलाच आहे, त्याला तसे वाटणे परवडत नाही. एस. टी.च्या पासचे पैसे घरात कुठून येतात हे त्याला ठाऊक असते.

म्हणून 'कोसला' वाईट ठरते काय? मुळीच नाही. खेड्यातून आलेल्या मुलाला कॉलेजात जे एकटेपण येते, भाषा बोलताना जी जीभ अडखळते, सुटीत घरी गेल्यावर घरही थोडे परके वाटते, ते या पुस्तकाइतके खरे मी अन्यत्र वाचलेले नाही. पांडुरंग मला जवळचा वाटतो. पण त्याच्यासारखे सगळे सोडून परत फिरण्याची चैन मला नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात राहू शकतात, आणि तशा त्या राहू देणारे पुस्तक मोठेच म्हटले पाहिजे.

आमच्याच किहीमला १९३० साली सालिम अलींनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. नर एकच घरटे बांधून थांबत नाही, एकामागून एक बांधतो, हे त्यांना नुसते बघत राहिल्यामुळे कळले. पुस्तकाकडेही आधी आपल्या डोळ्यांनी बघावे, मग थोरांची मते वाचावीत. आपण मात्र उलट करतो. गाइडमधली 'अस्तित्ववादी' आणि 'परात्मता' ही दोन विशेषणे पाठ करतो, पेपरात उतरवतो आणि मोकळे होतो. त्या उत्तरात ना माझे वडील असतात, ना ती मैत्रीण.

प्राध्यापकवर्गाला माझी नम्र विनंती आहे. 'कोसला'वर प्रश्न काढाल तेव्हा एक असाही काढावा: हे पुस्तक तुझ्या घरी कुणाला वाचून दाखवलेस, आणि ते काय म्हणाले? उत्तरे शुद्धलेखनात कदाचित कमी पडतील, पण ती गाइडमध्ये सापडणार नाहीत.

— द्वितीय वर्ष, कला