आजीचा अंगठा

दुसऱ्याचं मूल आपल्या घरात वाढवणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. आमच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई पंढरपुरात दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवांच्या वडिलांच्या घरी वाढली, असं परंपरा सांगते. तिच्या भक्तीचं आपण कौतुक करतो. पण त्या घरात ती दळणकांडण करणारी दासी होती, हेही तिनंच सांगून ठेवलं आहे. घर मिळालं, पण लेकीचा हक्क मिळाला का? तो जुना प्रश्न आज ‘प्रतिपालकत्व’ या सरकारी नावानं आपल्या दारात उभा आहे.

दत्तक घेतलेलं मूल कायमचं त्या घरचं होतं. प्रतिपालकत्वात ते काही काळ सांभाळायला दिलेलं असतं. २०१५ च्या बालन्याय कायद्यानं त्याला जागा दिली आणि अनाथाश्रमापेक्षा कुटुंब बरं, हे तत्त्व मान्य केलं. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेनं सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. त्या वेळी ते मोठंच काम होतं. आज मात्र पहिला प्रश्न असा विचारायला हवा, की या मुलाला आपल्याच गावात, आपल्याच माणसांत वाढवता येईल का?

महाराष्ट्रात याचं उत्तर म्हणजे बालसंगोपन योजना. अनाथ किंवा एकच पालक उरलेल्या, संकटातल्या कुटुंबातल्या मुलासाठी पूर्वी महिन्याला ४२५ रुपये मिळत, मग १,१०० झाले, २०२३ पासून २,२५० झाले. म्हणजे दिवसाला पंचाहत्तर. कोविडमध्ये दोन्ही पालक गेलेल्या मुलाच्या नावे राज्य सरकारनं पाच लाखांची ठेव ठेवली, ते योग्यच झालं. पण ज्याचे आईबाप ऊसतोडीवरून परतताना ट्रॅक्टरखाली गेले, त्याचं पोरकेपण काय कमी असतं? मरणाचं कारण बदललं की मुलाचा भावही बदलावा, हा हिशेब माझ्यासारख्या बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसालाही जुळवता येत नाही.

आणि खरी अडचण रकमेच्या अलीकडेच आहे. पाथरी, सोनपेठ, पालमकडे अशी पोरं बहुधा आजीच सांभाळते. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड एवढं सगळं गोळा करून ती बँकेच्या खिडकीशी येते. मी शाखेत बसत असे तेव्हा हे दृश्य नेहमीचं होतं.

“आजी, पोराची आई कुठंय?”

“तिनं दुसरं घर केलं, साहेब. पोरगं माझ्यापाशीच हाय.”

काउंटरवरचा माणूस मनानं वाईट नसतो. पण १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक बाप आणि त्याच्यानंतर आई. आजी त्यात नाही. मग कोर्टाचा हुकूम आणा, असं तिला सांगितलं जातं. दुसरीकडे बालन्याय कायदा म्हणतो, की मूल ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात आहे आणि ज्याला बालकल्याण समितीनं मान्यता दिली, तोही पालकच. एका कायद्यात आजी पालक, दुसऱ्यात परकी. आणि दोहोंच्या मधल्या फटीत नातू! रिझर्व्ह बँकेनं दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं खातं स्वतः चालवू देण्याची मुभा बँकांना दिली आहे. पण सहा वर्षांच्या पोरानं काय करायचं?

उपाय फार खर्चाचा नाही. समितीच्या आदेशात सांभाळणाऱ्याचं नाव आणि ‘मुलाचं खातं चालवण्यास मान्यता’ हे एक वाक्य असावं, आणि सर्व बँकांनी ते स्वीकारावं अशी स्पष्ट सूचना रिझर्व्ह बँकेकडून यावी. २०१४ मध्ये जनधनसाठी बँका गावोगाव गेल्याच होत्या की!

काहीजण म्हणतील, पैशाच्या लोभानं मूल ठेवून घेतील, त्याला गुरांमागे धाडतील. शंका खरी आहे. म्हणूनच प्रतिपालक कुटुंबाची दरमहा पाहणी करायचं काम कायद्यानं समितीकडे दिलं आहे. पण समिती असते पाच जणांची, आणि आमच्या जिल्ह्यात तालुके नऊ! नातलगाकडे असलेल्या मुलांकडे तर पाहणार कोण? गावची बाल संरक्षण समिती फक्त कागदावर न राहता सरपंच, अंगणवाडी सेविका आणि शाळेचे गुरुजी मिळून महिन्यातून एकदा त्या घराची पायरी चढले, तर मूल शाळेत जातं की शेतात, हे त्यांना न सांगताही कळेल.

आणि त्या म्हातारीची चौकशी कोण करणार? सत्तरीत पुन्हा आई झालेल्या बाईच्या गुडघ्यांचं, मोतीबिंदूचं काय? ती अंथरुणाला खिळली तर पोराचं घर दुसऱ्यांदा मोडतं. मुलाचं अनुदान तसंच राहू द्या. पण सांभाळणाऱ्या हातालाही थोडा आधार हवा.

वाचकहो, तुमच्या गल्लीत असं एखादं घर असेलच. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात मिळतो. तो भरायला अर्धा तास लागतो. रविवार आहे, एवढा वेळ काढता येईल. आणि सोमवारी त्या आजीबरोबर बँकेत जा. खिडकीपुढं तिच्या शेजारी कुणी लिहिता-वाचता येणारं माणूस उभं असलं, की आतली उत्तरं बदलतात, हे मी खिडकीच्या आतून पाहिलेलं आहे.