अडीच वर्षांच्या पोराच्या हातात पेन्सिल कशाला?

प्लेग्रुप-नर्सरीच्या ॲडमिशनचा हंगाम सुरू झालाय. माझा धंदा फ्लेक्स छापायचा, त्यामुळे मला तो कॅलेंडर न बघता कळतो. यंदा दर दुसऱ्या फ्लेक्सवर एक शब्द ठळक आहे : ‘फोनिक्स’. परवा ऑर्डर द्यायला आलेल्या एका संस्थाचालकांना विचारलं, "साहेब, फोनिक्स म्हणजे नक्की काय हो?" म्हणाले, "ते टीचरला माहिती. पालक विचारतात, म्हणून मोठं टाका." टाकलं.

पोस्ट जरा लांब आहे, पण घरात तीन-चार वर्षांचं मूल असेल तर वाचाच.

फोनिक्स वाईट नाही. इंग्रजीला ते लागतं, कारण तिथे अक्षराचं नाव एक आणि आवाज दुसरा. म्हणायचं ‘सी’ आणि ‘कॅट’मध्ये वाचायचं ‘क’. म्हणायचं ‘डब्ल्यू’ आणि वाचायचं ‘व’. पोरं गोंधळणारच. म्हणून नाव बाजूला ठेवून आधी आवाज शिकवतात, गाण्यातून, हावभावातून. चांगली पद्धत आहे. पण मराठीत ही अडचणच नाही. ‘क’चं नाव क आणि आवाजही क. आणि आपण काय करतो? ज्या मुलाला ही सोय जन्मतः मिळालीय, त्याला फी भरून आधी अडचणीच्या भाषेत बसवतो आणि मग अडचणीवरचा उपाय विकत घेतो.

आता आपल्याकडची चिऊ-काऊची गोष्ट घ्या. कावळ्याचं घर कशाचं? शेणाचं. चिमणीचं? मेणाचं. शेण आणि मेण, फरक फक्त पहिल्या आवाजाचा. तेवढ्या एका आवाजाने एकाचं घर पावसात वाहून जातं आणि दुसरीचं टिकतं! शब्दातला एक आवाज बदलला की सगळा अर्थ बदलतो, हे तीन वर्षांच्या मुलाला याहून चांगलं कोण शिकवणार? आजी हे न शिकवता शिकवत आलीय. गोष्ट पन्नासदा ऐकली की मूल आजीच्या आधी शब्द पुरा करतं. वाचनाची तयारी तिथेच सुरू होते. पाटी-पेन्सिल फार नंतरची.

तक्ता काय शिकवू शकत नाही तेही बघा. ‘ण’ आणि ‘ळ’ने मराठीत एकही शब्द सुरू होत नाही, म्हणून तक्त्यावर बाणाचा ण आणि बाळाचा ळ. मन आणि मण, काला आणि काळा, हा फरक कानानेच कळतो. त्याहून गंमत ‘च’ची. चार रुपये म्हणताना च वेगळा आणि गाईचा चारा म्हणताना वेगळा. लिहायला एकच अक्षर. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘शंभर वर्षं जग’ यांतला ज पण तसाच. हे कुठल्या वर्कबुकात लिहिलेलं नसतं. ज्याच्या कानावर भरपूर मराठी पडली, त्याला ते आपोआप येतं.

आणि मराठी आहे म्हणून ‘क् क् क्’ असं तोडून घोकून घ्यायची गरज नाही. काही ठिकाणी इंग्रजीची नक्कल करून तेही चालू झालंय. ब-द-क म्हणत तीन टाळ्या वाजवा, पोरं हसत हसत करतात. आपलं अक्षर टाळीत मावतं.

आमच्या गल्लीत एका रिक्षावाल्या भावाने पोरगी अडीच वर्षांची असताना प्लेग्रुपात घातली. घरात अखंड बडबड करणारी पोरगी तिथे सहा महिने गप्प. मराठी बोलायचं नाही आणि इंग्रजी येत नाही, मग बोलणार काय? वहीत मात्र रोज एक पान आडव्या-उभ्या रेघा, आईने हात धरून काढलेल्या. त्या वयाच्या बोटांना मातीचा गोळा द्यावा, चिंचोके द्यावेत. फी भरायला बापाने रिक्षाचा हप्ता थकवला, ते वेगळंच.

हे आपल्याच महाराष्ट्राला सांगावं लागतंय याचं वाईट वाटतं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. माँटेसोरीबाईंची महागडी साधनं परवडणारी नव्हती, तर शंख-शिंपले, खडे, पानं, बिया वापरल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना आली आणि आज देशभर हा शब्द चालतो.

आज त्याच अंगणवाडीकडे आपण खिचडी आणि लसीकरणाची जागा म्हणून बघतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं शिक्षण हे त्या योजनेतलं ठरलेलं काम आहे, पण ताईंना वेळ कुठाय? वजन घ्या, उंची घ्या, आहार वाटा, पोषण ट्रॅकर ॲपमध्ये भरा, नेट नसेल तर गच्चीवर जा. पगाराला ‘मानधन’ म्हणायचं आणि काम तीन खात्यांचं द्यायचं. २०२३ च्या डिसेंबरात त्या संपावर गेल्या तेव्हा आपल्यातल्या कितीजणांनी साधी चौकशी केली? नवीन शैक्षणिक धोरण, २०२२ चा पायाभूत स्तराचा आराखडा, सगळीकडे लिहिलंय की या वयात खेळ, गाणी, गोष्टी आणि घरची भाषा. कागद चांगला आहे हो. पण गोष्ट सांगणाऱ्या बाईला मोबाईलवर बोटं फिरवत बसवलंय.

मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. पहिलीपासूनच्या हिंदीविरुद्ध सगळे एक झालो आणि जून २०२५ मध्ये सरकारने दोन्ही जीआर मागे घेतले. मीही त्यात होतो आणि ते बरोबरच होतं. पण पहिलीच्या आधीच्या तीन वर्षांत मराठी कानावरून काढून घेणारे आपणच, आपल्याच पैशाने. त्याच्यावर मोर्चा कोणावर काढायचा?

माझी मागणी साधी आहे. अंगणवाडीत रोज एक तास असा ठेवा की त्यात ताईंकडून एकही नोंद मागायची नाही. फक्त गाणी, गोष्टी, गप्पा. तसं निवेदन बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना देतोय.

तोपर्यंत आमच्या वॉर्डातल्या ताईंशी बोलणं झालंय. दर बुधवारी अकरा वाजता एक आजी येऊन गोष्ट सांगणार. आहिराणी बोलणारी असो की मालवणी, चालेल. दोघीजणी तयार आहेत, पण एकीचे गुडघे दुखतात, त्यामुळे तिसरी हवीय. आपापल्या आईला, सासूबाईंना विचारा आणि मेसेज करा. आजोबा असतील तरी हरकत नाही, फक्त आवाज खणखणीत पाहिजे.