वाकळीला जागा लागत नाही, मशीनला लागते

लग्नाहून परतल्यावर पिशवी उलटी केली की काय बाहेर पडतं, हे बीड जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. टॉवेल, टोपी, नारळ आणि ब्लाउज पीस. हा पीस पाऊण ते एक मीटरचा, चकचकीत, बहुतेकदा सिंथेटिक. तो क्वचितच शिवला जातो. ट्रंकेत पडून राहतो, पुढच्या लग्नसराईत दुसरीच्या ओटीत जातो, तिथून तिसरीच्या. एखादा पीस चार घरं हिंडून निघाला त्याच घरी परत येतो तेव्हा बायका पोट धरून हसतात, पण त्याचं हिंडणं काही थांबत नाही. ‘कृपया आहेर आणू नये’ असं पत्रिकेवर छापणारेसुद्धा मांडवाच्या तोंडाशी वही घेऊन माणूस बसवतातच.

माजलगाव तालुक्यातलं दिंद्रुड या रिवाजाला अपवाद ठरावं असं काही कारण नाही. अशा गावांतल्या पुष्कळ घरांत या फिरत्या कापडाच्या जोडीला आणखी एक वस्तू असते, ती म्हणजे शिलाई मशीन. म्हाताऱ्या बायका तिला ‘मिशन’ म्हणतात. कुणाचं माहेराहून आलेलं, कुणाचं बचत गटाच्या कर्जातून घेतलेलं, कुणाचं सरकारी योजनेतलं. ते जिन्याखाली असतं, नाहीतर पलंगाच्या कडेला, नाहीतर धान्याच्या कोठीला खेटून. वर धुतलेले कपडे, पोराचं दप्तर, चार्जिंगला लावलेला मोबाइल. न शिवलेलं कापड आणि न चालणारं मशीन एकाच छपराखाली वर्षानुवर्षं नांदत असतात.

याचं खापर बायकांच्या आळसावर फोडणं सोपं आहे, पण ते खरं नाही. शिवण येणाऱ्या बायका गावोगाव आहेत. आयटीआयमध्ये शिवणकामाचा वर्षभराचा अभ्यासक्रम आहे, खासगी क्लास आहेत, आणि ज्या कुठेच गेल्या नाहीत त्या शेजारणीकडे बसून शिकल्या आहेत. कमी पडते ती जागा. आणि जागा कमी पडते याचा अर्थ घर लहान आहे, एवढाच नाही.

गावातल्या जुन्या शिंप्याचं मशीन आठवून पाहावं. ते ओसरीवर असायचं, रस्त्याच्या तोंडाशी, घरातल्या सगळ्यात चांगल्या उजेडात. त्याच्याभोवती चार माणसं गप्पा मारत बसायची, पण मशीनवर कुणी पिशवी टेकवली तर तो डोळे वटारायचा. शिवण हे मुळात बायकांचं काम, असा समज आता रुळला असला तरी तो तसा अलीकडचा. मराठवाड्यातल्याच नरसीशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे ते संत नामदेव शिंप्याच्या घरातले, आणि हा धंदा शतकानुशतकं पुरुषांचा होता. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन उभं राहिलं, तिथे बायकांना शिवण शिकवलं जाऊ लागलं. मग १९३० च्या दशकात कोलकात्यात देशी बनावटीचं उषा मशीन तयार झालं, आणि पुढे लुधियानाच्या लहान कारखान्यांनी स्वस्त मशीनं बाजारात आणली. तेव्हा कुठे मशीन घराच्या आत आलं. पण आत येताना ते ओसरीवरून उठून अंधाऱ्या खोलीत गेलं. पुरुष शिवायचा तेव्हा तो ‘धंदा’ होता, त्याला दुकान होतं. बाई शिवू लागली तेव्हा ते ‘रिकाम्या वेळचं काम’ झालं आणि रिकाम्या कोपऱ्यात ढकललं गेलं.

सरकारी योजनाही याच वाटेने जातात. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर, पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि मग दोन लाखांचं कर्ज. योजना वाईट नाही. पण मशीन घरी पोचलं, फोटो निघाला, की प्रश्न सुटला असं सगळेच धरून चालतात. त्यापुढचं, म्हणजे खिडकी कुठे, दिवा कुठे, कापड पसरायचं कशावर, हे त्या बाईने आपलं आपण बघायचं.

दुसरीकडे प्रधानमंत्री आवास योजनेतल्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसकट २५ चौरस मीटर, म्हणजे जेमतेम २७० चौरस फूट. पायमशीन आणि स्टूल मिळून जागा लागते तीन फूट बाय चार फूट, म्हणजे बारा चौरस फूट. घराचा विसावा भागही नाही. टीव्हीला आणि त्याच्यासमोरच्या दिवाणाला याहून जास्त जागा मिळते, आणि ती मागावी लागत नाही.

मग कोपरा मांडायचा तर कसा? सगळ्यात आधी उजेड. खिडकी डाव्या हाताला यावी, कारण सुई मशीनच्या डाव्या अंगाला असते आणि उजव्या हाताने काम करणाऱ्याची सावली मग टाक्यावर पडत नाही. खिडकी नसेल तर सुईवर पडेल असा एलईडी दिवा लावावा. छताला लटकलेल्या एका बल्बच्या उजेडात काळ्या कापडावर काळा दोरा ज्याने चालवून पाहिला असेल त्याला हे पटवून द्यावं लागणार नाही. वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसलेल्या भागात मोटर बसवली तरी पायटा आणि पट्टा काढून टाकू नये. मोटर बंद पडली तर पाय चालतो.

कापड कापायला बहुतेक घरांत जमीनच असते. त्यात कमीपणा काही नाही, पण पाठीला ते महागात पडतं. कमरेच्या उंचीची फळी भिंतीला बिजागरीने लावली, काम झालं की मिटली, एवढं गावच्या सुताराला अर्ध्या दिवसात करता येतं. कापडाची कात्री वेगळी असावी आणि ती पोरांच्या हाती लागणार नाही अशा खिळ्यावर टांगावी. कागद कापला की तिची धार गेली. सुया १४ आणि १६ नंबरच्या ठेवाव्यात, मलमलीसाठी ११ ची. आणि मशीनला मशीनचंच तेल घालावं. घरातलं खोबरेल घातलं की ते सुकून चिकट होतं, मशीन जाम होतं, आणि ‘मिशन बिघडली’ म्हणून ते कायमचं कपडे ठेवायचं टेबल बनतं.

आता बीडची एक खास अडचण. या जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला लाखो माणसं जातात. दिवाळीच्या आगेमागे घराला कुलूप लागतं ते मार्च-एप्रिलपर्यंत. नवरा-बायकोची जोडी मुकादमाच्या हिशेबात ‘एक कोयता’ असते आणि उचल घेतली की निघावंच लागतं. मागे राहिलेल्या मशीनचा पट्टा उंदीर कुरतडतात, बॉबिनच्या जागी धूळ आणि दोऱ्याचे तुकडे साठतात. पायमशीन कारखान्यावरच्या कोपीत नेता येत नाही.

वाकळ मात्र कुठेही नेता येते. पुण्या-मुंबईकडे जिला गोधडी म्हणतात तीच ही. नेसून विरलेली लुगडी, धोतरं, पोरांचे फाटके सदरे यांचे थर एकावर एक घालायचे आणि कडेपासून आत सरकत धावदोरा घालत जायचा. सुई, दोरा आणि सावली एवढंच भांडवल. उन्हाळ्यात दोघी-तिघी भिंतीच्या सावलीत वाकळ पसरून बसल्या की गावाच्या सगळ्या बातम्या तिच्यात शिवल्या जातात. एकीचा टाका बारीक, दुसरीचा लांब, आणि वाकळ पाहून कोणती बाजू कुणाची हे सांगणाऱ्या म्हाताऱ्या अजून आहेत. बंगालमध्ये याच कामाला कांथा म्हणतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका आपल्या रंगीत ठिगळांच्या वाकळीला कवंदी म्हणतात. कांथा परदेशी दुकानांत पोचली, आणि गोधडी शहरातल्या प्रदर्शनांत काही हजारांना विकली जाते. जिच्या माळ्यावर पाच वाकळी पडून आहेत त्या दिंद्रुडच्या आजीला हा भाव सांगितला तर तिला चेष्टा वाटेल.

हाताने शिवून द्यायच्या वस्तूंची यादी दुसरीकडून आणायची गरज नाही. बाळंतविडा आपल्याकडे होताच. झबली, टोपडी, लंगोट, दुपटी, कुंची, आणि सोबत डिंकाचे लाडू. यातली कापडाची प्रत्येक वस्तू घरात होणारी. झबल्याला बटण नको, बंद हवेत, कारण बटण तोंडात जातं. शिवण बाहेरच्या अंगाला ठेवली की बाळाच्या अंगाला ती टोचत नाही. दुपट्याला सगळ्यात उत्तम म्हणजे आजोबांचं धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती धोतर. त्याची मऊशार घडी कोणत्याही पैशाला दुकानात मिळत नाही. नवं कापड असेल तर कापण्याआधी पाण्यातून काढावं, नाहीतर पहिल्याच धुण्यात झबलं आखडतं. आहेरात आलेल्या मीटरभर सुती पिसात दोन झबली सहज बसतात. सिंथेटिक पीस मात्र बाळाच्या अंगाला लावू नये.

संक्रांतीचं वाणही तसंच. रथसप्तमीपर्यंत बायका वाण लुटतात आणि घरोघर प्लास्टिकच्या चाळण्या, डबे, साबणदाण्या गोळा होतात. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. तेव्हापासून काही ठिकाणी कापडी पिशवीचं वाण सुरू झालं आहे, आणि ही चाल उचलण्यासारखी आहे. बाळाला न चालणारा सिंथेटिक पीस इथे कामाला येतो. आत जुन्या चादरीचं अस्तर घातलं की त्याची बाजाराला नेण्याजोगी पिशवी होते. पान-तंबाखूच्या तीन कप्प्यांच्या चंचीची मात्र शिफारस करवत नाही, जरी ती शिवण्यातलं कसब पिशवीपेक्षा सरस असलं तरी.

भेट, माया आणि मशीन यांचा विषय निघाला की एक गोष्ट हटकून सांगितली जाते. यंत्रांना विरोध करणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये एका संभाषणात सिंगरच्या शिलाई मशीनला सूट दिली होती. बायको हाताने टाके घालून थकते हे सिंगरला पाहवेना, म्हणून मायेपोटी त्याने मशीन बनवलं, असं ते म्हणाले. गांधीजींना कुणीतरी गोड कथा सांगितली असावी. १८५१ चं पेटंट घेणारा आयझॅक सिंगर पैशासाठी या धंद्यात उतरला होता. त्याच्याआधी १८४६ मध्ये इलायस होवने पेटंट घेतलं होतं आणि सिंगरला त्याला पैसे मोजावे लागले. शिवाय सिंगरला निरनिराळ्या बायकांपासून वीसहून अधिक मुलं होती. त्यातल्या कुणाच्या कष्टांनी त्याला पाझर फुटला, हे सांगणं अवघड आहे. कथा खोटी असली तरी गांधीजींची निवड बरोबर होती. घरात बसून, आपल्या वेळेने, आपल्या हातात राहील असं ते यंत्र आहे.

एक आक्षेप रास्त आहे आणि तो टाळता येणार नाही. शेत, गुरं, स्वयंपाक, पाणी, पोरं, आणि आता वर भेटीही बाईनेच शिवायच्या का? हाताने केलेल्या भेटीचं कौतुक करणाऱ्या लेखांत या प्रश्नाला बगल दिली जाते. उत्तर असं की झबल्याला दोन तास लागतात, तर ते दोन तास घराने मोजावेत. त्या वेळात चहा दुसऱ्याने करावा. शेजारणीने बाळंतविडा शिवून मागितला तर शिलाई घ्यावी, ‘घरचंच तर आहे’ म्हणून सोडू नये. आणि पोरांना टाका शिकवावा, मुलींइतकाच मुलांनाही. ज्या धंद्यात सातशे वर्षांपूर्वी नामदेवांचं घराणं होतं तो बायकी समजण्याचं मराठवाड्याला तरी कारण नाही.

घरबसल्या शिवणाऱ्या बायकांच्या हातावर भरवसा नाही असंही नाही. २०२४-२५ मध्ये राज्याने शाळेचे गणवेश महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांकडून शिवून घ्यायचं ठरवलं होतं. कापड एकीकडून, शिवण दुसरीकडून. गणवेश उशिरा आले, मापं चुकली, आणि वर्ष संपायच्या आत हा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेला. काम गटाकडे आलं, पण ते करायला चांगल्या उजेडाची खोली, मोठं टेबल, इस्त्रीचा पॉइंट गटाजवळ आहे का, याची चर्चा त्या गदारोळात कुठे फारशी ऐकू आली नाही. ग्रामपंचायतीने समाजमंदिरातली एक खोली आठवड्यातले तीन दिवस शिवणासाठी मोकळी ठेवली, तर ज्यांच्या घरकुलात मशीन मावत नाही त्यांची सोय होईल. ऊसतोडीला जाणाऱ्यांची मशीनं तिथेच सुरक्षितही राहतील.

तोपर्यंत काम घरातच सुरू करता येईल. तोडीहून माणसं परतली की लग्नं सुरू होतात. त्याआधी एकदा ट्रंक उघडावी, फिरते पीस बाहेर काढावेत, सुती आणि सिंथेटिक वेगळे करावेत. मशीनवरचे कपडे उचलावेत आणि ते जिन्याखालून ओसरीवर आणावं. बिडाचा पाया जड असतो, उचलायला दोघं लागतात.