पुस्तक बदलायला येऊ न शकणाऱ्यांसाठी

वि. स. खांडेकर १९३८ मध्ये शिरोडं सोडून कोल्हापुरात आले आणि कोल्हापूरचेच झाले. प्रकृतीने त्यांना फारशी साथ कधी दिली नाही. अखेरच्या वर्षांत तर दृष्टीही गेली. तरी लेखन थांबलं नाही. ते सांगायचे आणि लेखनिक उतरवून घ्यायचा. ‘ययाति’च्या रूपाने मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळवून देणाऱ्या लेखकालाही पुस्तक आणि स्वतः यांच्यामध्ये एक माणूस लागला. घरात अडकलेल्या आजारी वाचकालाही तो लागतो, आणि त्याची सोय करणं हे ग्रंथालयांचं काम आहे.

कोल्हापूरकडून ही अपेक्षा धरण्याला आधार आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून सुरू आहे. सार्वजनिक ग्रंथालयांचा देशातला पहिला कायदा १९४५ मध्ये झाला, तोही कोल्हापूर संस्थानातच.

देवघेवीच्या काउंटरवर थोडा वेळ उभं राहिलं, तर गरज डोळ्यांसमोर येते. कुणाची सून, कुणाचा नातू चिठ्ठी घेऊन आलेला असतो. चिठ्ठीतलं पुस्तक बाहेर गेलेलं असतं, म्हणून शेजारचं उचललं जातं, घरी गेल्यावर आजी पहिलं पान उघडून म्हणतात, “अगं, हे वाचलंय मी.” पुढच्या आठवड्यात चिठ्ठी येतेच असं नाही. गुडघे, दम, मधुमेहाने अधू झालेली नजर ही कारणं खरीच, पण कित्येकांचं वाचन सुटतं ते पुस्तक बदलून आणणारं कुणी नसल्यामुळे.

पुस्तकांची घडणही आड येते. ज्ञानेश्वरी, गुरुचरित्र मोठ्या टायपात सहज मिळतं, कारण ते वाचणाऱ्यांचं वय प्रकाशकांनी ओळखलेलं आहे. कथा-कादंबऱ्यांच्या वाट्याला तो टाईप क्वचितच येतो. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ सांधेदुखीच्या मनगटांना पेलत नाही. मांडीवर उशी घेऊन ती वाचावी लागते. डायलिसिसला एका वेळी साधारण चार तास जातात आणि सुया टोचलेला हात हलवता येत नाही. तिथे एका हातात मावणारं पातळ पुस्तक किंवा कानाला लावलेली मराठी श्राव्य कादंबरीच उपयोगी पडते. ऐकणं हेही वाचनच आहे. त्याला दुय्यम मानणाऱ्यांनी आपल्याकडची पोथी ऐकण्याची परंपरा आठवावी.

कायदाही वाचकाच्या बाजूने आहे. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर, छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या अपंग व्यक्तीसाठी नफ्याचा हेतू न ठेवता पुस्तक ध्वनिमुद्रित किंवा ब्रेल रूपात आणायला लेखक-प्रकाशकाची परवानगी लागत नाही. दृष्टिहीनांना पुस्तकं मिळावीत म्हणून २०१३ मध्ये माराकेश करार झाला, आणि त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता.

मग ग्रंथालयांनी एवढं तरी करावं. घराबाहेर पडू न शकणाऱ्या सभासदांची वेगळी नोंद ठेवावी, त्यांनी वाचलेल्या पुस्तकांची यादी जवळ असू द्यावी आणि आठवड्यातून एक दिवस शिपायाच्या किंवा महाविद्यालयीन मुलांच्या हाती पुस्तकं घरपोच द्यावीत. ज्यांना वाचून दाखवायला हवं, त्यांच्याकडे त्याच मुलांनी तासभर बसावं. सुरुवात एका पेठेपासून केली तरी चालेल. खर्चाचा प्रश्न येणारच. सरकारी अनुदानासाठी ग्रंथालयांचा वर्ग ठरवताना ही सेवाही मोजावी, अशी मागणी कोल्हापूरच्या ग्रंथालयांनी एकत्र येऊन सरकारकडे करावी.