पाणी गाळतो, पीठ चाळतो, मग हवा?

पाणी गाळून प्यावे, पीठ चाळून घ्यावे, ही शिकवण आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. चहाची गाळणी फाटली तर दुसऱ्या दिवशी नवी येते. पण ज्या मोटारीत मुलाबाळांना बसवून आपण शाळेला, लग्नकार्याला नि गावी नेतो, त्या मोटारीतही हवेची एक गाळणी असते, याचा कित्येक कुटुंबांना पत्ताच नसतो. 'केबिन फिल्टर' किंवा 'एसी फिल्टर' हे तिचे नाव. इंजिनाला हवा गाळून देणारा फिल्टर वेगळा, हा माणसांसाठी.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हा असले काही नव्हते. काच खाली केली की वारा यायचा आणि त्याच्या बोटाला धरून धूळही. आता काचा बंद, एसी चालू. बाहेरची हवा आत येते ती घड्या घातलेल्या, कागदासारख्या दिसणाऱ्या या फिल्टरमधून. धूळ, परागकण, पालापाचोळ्याचा चुरा तिथे अडकतो. तो गच्च भरला की पंखा कितीही वाढवा, वारा मंदच. गाडीत कुबट वास येतो आणि पावसाळ्यात घाट चढताना काचेवरचे धुके लवकर हटत नाही. ही नुसती गैरसोय नव्हे, धोका आहे.

'गॅरेजवाला बघेल की!' हे आपले ठरलेले उत्तर. तो पुष्कळदा हवेचा झोत मारून जुनाच फिल्टर परत बसवतो. त्याने वरची धूळ उडते, पण तंतूंचे जाळे विरते. म्हणून मी हे काम घरीच करतो. वर्षातून दोनदा, दिवाळीच्या साफसफाईत आणि पावसाच्या तोंडावर. आमच्या रस्त्यांची धूळ पाहता हे जास्त नाही.

बहुतेक गाड्यांत फिल्टर डाव्या सीटसमोरच्या कप्प्यामागे असतो. काहींत तो पायाजवळ किंवा बॉनेटखाली असतो, तेव्हा गाडीबरोबर मिळालेले पुस्तक एकदा उघडावे. गाडी बंद करून कप्पा रिकामा करावा. त्याच्या दोन्ही कडा आत दाबल्या की तो खाली येतो. मागे प्लॅस्टिकचे चपटे झाकण दिसते. खटके दाबून ते काढावे. नाकाला रुमाल बांधून फिल्टर हळूच ओढावा, नाहीतर सगळा कचरा मांडीवर सांडतो. त्यावर हवेच्या दिशेचा बाण असतो. जुन्याचा बाण जिकडे होता, तिकडेच नव्याचा ठेवावा. पंधरा-वीस मिनिटांचे काम. हत्यार बहुधा लागतच नाही.

पण या गाळणीवर सगळा भार टाकून चालणार नाही. फुप्फुसात खोल शिरणारे कण अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान असतात. आपला केस त्यांच्या वीस-पंचवीस पट जाड. साध्या फिल्टरमधून यातले पुष्कळ कण निसटतात. कोळशाचा थर असलेला फिल्टर वास आणि काही वायू कमी करतो, पण विषारी कार्बन मोनॉक्साइड कोणताच अडवत नाही. आतलीच हवा फिरवणारे बटण वाहतूक तुंबल्यावर उपयोगी पडते. मात्र ते तासन् तास दाबून ठेवले तर श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठून चालकाला पेंग येते. अधूनमधून बाहेरची हवा आत घ्यावीच लागते.

आणि ती बाहेरची हवा कशी आहे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली या सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमपर्यंत असावी, असे सांगितले. आपल्या देशाने २००९ साली ठरवलेली मर्यादा ४० आहे, म्हणजे आठपट. मोठ्या शहरांतून तीही ओलांडली जाते.

चौकात उभा असलेला वाहतूक पोलिस, रिक्षावाला, कडेवर मूल घेऊन बसची वाट पाहणारी बाई, यांच्या नाकासमोर कोणती गाळणी आहे? बंद काचेमागे बसलेल्या आपल्याला त्यांचा विसर पडतो. आपल्या गाडीचा धूर मात्र त्यांच्यापर्यंत नेमका पोचतो. घरच्यांसाठी फिल्टर बदलणे हे कर्तव्यच. पण पीयूसी वेळेवर करणे आणि लांबलचक सिग्नलला इंजिन बंद करणे हेही त्याच कर्तव्याचे दुसरे अंग आहे.

तेव्हा येत्या रविवारी फिल्टर बदललात, तर काळाठिक्कर पडलेला जुना लगेच कचऱ्यात टाकू नका. वर्तमानपत्रावर ठेवून तो घरातल्या सगळ्यांना दाखवा. मुले प्रश्न विचारतील, विचारू द्या. मग दहा मिनिटांवरच्या शाळेसाठी सोमवारी सकाळी गाडी काढायची की नाही, हे सगळ्यांनी मिळून ठरवा.