फुकट टूल कुठलंही घ्या, पण शेवटचा रकाना ‘पैसे आले’ हाच हवा



“मॅडम, एकट्यानं काम करणाऱ्यासाठी फुकटातलं चांगलं प्रोजेक्ट मॅनेजमेंट टूल सांगा.” चॅनेलवर हा प्रश्न सारखा येतो. व्हिडिओत टूल चालवून दाखवता येतं, पण कुठलं का घ्यायचं यावर नीट बोलायला वेळ पुरत नाही. म्हणून आज इथं लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. टूल निवडताना दोनच गोष्टी बघा. पहिली, तुमच्या कामाची वही तुमच्याच ताब्यात राहते का? दुसरी, त्या वहीत काम पैसे मिळेपर्यंत जातं का? रंग, चार्ट, डॅशबोर्ड हे सगळं त्यानंतर.

आपल्याकडे काम येतं कसं

माझं प्रिंटिंगचं दुकान मंगळवार पेठेत आहे. दुकानात दिवसभर फ्रीलान्सर मंडळींची ये-जा असते. लेबल आणि पत्रिका डिझाइन करणारे, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे, वेबसाइट बनवणारी पोरं, उद्यमनगरातल्या कारखान्यांना ड्रॉइंग काढून देणारे. हाताला कला आहे, कामही भरपूर आहे. पण महिनाअखेरीला हिशेब विचारला की मोबाइल काढून व्हॉट्सॲप वर-खाली करत बसतात.

समजा, एका कांदा-लसूण चटणीवाल्याचं काम तुम्ही घेतलं. लोगो आणि चार लेबलं, १५,००० रुपये, दोन वेळा बदल करून देणार. सगळं फोनवर ठरलं. मग सुरू होतं, “तेवढा लाल जरा गडद करा की.” “अहो, वजन २०० ऐवजी २५० ग्रॅम झालंय.” “आमच्या मेव्हण्यांना फॉन्ट आवडला नाही.” यातला एकही माणूस वाईट नाही. पण दोनाचे सात बदल होतात, निम्मे व्हॉइस मेसेजमध्ये, काही चहा पिता पिता तोंडी. आणि बिल पाठवलं की उत्तर येतं, “अजून फायनल कुठं झालंय?”

ही दुखणी काम करता न येण्याची नाहीत, नोंद नसण्याची आहेत. बीबीएला आम्हाला गँट चार्ट शिकवला, क्रिटिकल पाथ शिकवला. पण तोंडी सांगितलेला बदल कागदावर कसा आणायचा, हे त्यात नव्हतं. फ्रीलान्सरचं घर मात्र त्यावरच चालतं.

‘फुकट’चे दोन अर्थ

दानाच्या गाईचे दात मोजू नयेत, असं आपल्याकडे म्हणतात. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र दात मोजूनच घ्या.

एक फुकट असतं कंपनीचं. कंपनी तिच्या सर्व्हरवर तुम्हाला जागा देते, आज पैसे घेत नाही. उद्या नियम बदलणं तिच्या हातात. वंडरलिस्ट आठवतं का? कामांच्या याद्या करायला लोकांचं आवडतं ॲप होतं. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते विकत घेतलं आणि ६ मे २०२० ला बंद केलं. ट्रेलोनं २०२४ मध्ये फुकट वर्कस्पेसवर १० माणसांची मर्यादा घातली. एव्हरनोटनं २०२३ च्या डिसेंबरात फुकट खात्याला ५० नोट्सवर आणून ठेवलं. यात बेकायदेशीर काही नाही. दुकान त्यांचं, नियम त्यांचे. पण तुमची वही त्यांच्या दुकानात होती, एवढं लक्षात घ्या.

दुसरं फुकट म्हणजे ओपन सोर्स. इथं सॉफ्टवेअरचा कोडच खुला असतो. तो घ्या, वापरा, बदला, दुसऱ्याला द्या, तशी परवानगी लायसन्समध्येच लिहिलेली असते. कोल्हापूरकराला हे समजायला जड जाऊ नये, कारण आपण सहकारात वाढलोय. संस्थेचा हिशेब जसा सभासदाला मागता येतो, तसा इथं कोड कुणालाही उघडून बघता येतो. मूळ बनवणारे थांबले तरी दुसरे कोणी पुढं नेऊ शकतात. आणि कोणीच नेलं नाही, तरी तुमच्या कॉम्प्युटरवर बसवलेलं टूल रातोरात गायब होत नाही.

आणि हे सगळं परदेशातच बनतं असंही नाही. ईआरपीनेक्स्ट हे मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं. रुशभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या धंद्यात ईआरपी बसवताना आलेल्या अनुभवातून ते उभं केलं, आणि आज ते जगभर वापरलं जातं. म्हणजे एका धंदेवाल्या घराच्या अडचणीतून निघालेलं ओपन सोर्स आपल्याच राज्यात आहे.

मग घ्यायचं कुठलं?

यादी मोठी आहे, पण तुमच्या उपयोगाची छोटी.

तुम्ही एकटेच काम करता आणि सर्व्हर-होस्टिंगचा गंध नाही, तर सुपर प्रॉडक्टिव्हिटी घ्या. खातं उघडावं लागत नाही, माहिती तुमच्याच मशीनवर राहते, नेट नसतानाही चालतं. प्रोजेक्ट, त्यातली कामं, प्रत्येक कामाला लागलेला वेळ, सगळं लिहिता येतं. वेळेची नोंद हा याचा खरा फायदा. त्या चटणीच्या लेबलावर तुमचे किती तास गेले हे कळल्याशिवाय पुढच्या वेळी भाव कसा सांगणार?

तुम्ही दोघं-तिघं मिळून काम करता, किंवा ग्राहकाला काम कुठवर आलंय ते दाखवायचंय, तर कॅनबोर्ड बघा. साधा फळा, त्यावर रकाने आणि कार्डं. साध्या पीएचपीवर चालतं आणि माहिती एसक्युलाइटच्या एकाच फाइलमध्ये ठेवू शकतं. डेटाचा फोल्डर कॉपी केला की झाला बॅकअप. फळ्याची फक्त बघण्यापुरती लिंक ग्राहकाला देता येते. नवीन मोठ्या सुविधा त्यात आता येणार नाहीत, हे ते बनवणारेच सांगतात. मला तो गुण वाटतो. वहीला दर महिन्याला नवं कव्हर कशाला हवंय?

ओपनप्रोजेक्ट आणि रेडमाइन ही मोठी मंडळी. रेडमाइन २००६ पासून आहे, ओपनप्रोजेक्ट जर्मनीतलं. दोन्ही दणकट आहेत. पण ओपनप्रोजेक्ट स्वतः बसवायचं तर सर्व्हरला ४ जीबी रॅम हवी. त्याचं महिन्याचं भाडं आलं, अपडेट आले, बॅकअप आले. सॉफ्टवेअर फुकट, पण त्याची राखण फुकट नाही. एकट्या डिझायनरनं ओपनप्रोजेक्ट बसवणं म्हणजे बिंदू चौकातून भाजी आणायला ट्रक काढण्यासारखं आहे. ईआरपीनेक्स्टचंही तेच. त्यात वेळेच्या नोंदीवरून थेट बिल तयार होतं, हे फार छान आहे. पण हाताखाली पाच-सात माणसं आली, खरेदी-विक्री वाढली, की मग त्याच्याकडं वळा.

आणि महिन्याला तीनच कामं असतील, तर शंभर पानी वही घ्या. खरंच सांगते, तेवढी पुरे. टूल हे प्रतिष्ठेसाठी नसतं.

‘डन’ म्हणजे संपलं नाही

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. ही बहुतेक टूल सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी, सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांसाठी केलेली आहेत. त्यांना महिन्याचा पगार ठरलेला असतो. म्हणून त्यांच्या फळ्यावर शेवटचा रकाना असतो ‘डन’. काम संपलं, कार्ड शेवटच्या रकान्यात, घरी जा.

आपलं काम ‘डन’ला संपत नाही. आपला खरा ताप तिथून सुरू होतो. म्हणून टूल बसवलं की पहिल्या पाच मिनिटांत रकान्यांची नावं बदला. मी शिकवते ते रकाने असे:

१. ठरलं (भाव, बदलांची संख्या, तारीख लेखी)
२. ॲडव्हान्स आला
३. काम चालू
४. ग्राहकाकडं दिलं
५. मंजूर
६. बिल दिलं
७. पैसे आले

पहिल्या रकान्यातून कार्ड थेट तिसऱ्यात न्यायचं नाही, हा नियम. ठरलेल्यापेक्षा जास्त बदल आला, तर त्याचं नवं कार्ड, वेगळ्या रकमेचं. ती रक्कम तुम्ही मागा किंवा सोडून द्या, ती तुमची मर्जी. पण सोडली तर किती सोडली हे दिसू दे. “आपलंच काम आहे” म्हणत वर्षाला किती रुपये सोडले, हे फळ्यावर बघितलं की पुढच्या वेळी माणूस भाव सांगताना अडखळत नाही.

सुपर प्रॉडक्टिव्हिटीत हेच सात टप्पे टॅग म्हणून लावता येतात. कॅनबोर्डमध्ये तर कुठलं कार्ड कधी कुठल्या रकान्यात गेलं, याची तारीख आपोआप राहते.

त्या तारखांची किंमत

या तारखा नुसत्या शिस्तीसाठी नाहीत, त्यामागं कायदा आहे. उद्यम नोंदणी फुकट होते आणि सेवा देणाऱ्या फ्रीलान्सरलाही सूक्ष्म उद्योग म्हणून करता येते. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज मागता येतं.

पण हे दिवस मोजायचे कधीपासून? काम स्वीकारल्याच्या दिवसापासून. आणि काम दिल्यापासून १५ दिवसांत ग्राहकानं लेखी हरकत घेतली नाही, तर काम दिलं त्याच दिवशी ते स्वीकारलं असं कायदा धरतो. म्हणजे चौथ्या रकान्यातली ‘ग्राहकाकडं दिलं’ ही तारीख किती मोलाची आहे बघा. “अजून फायनल कुठं झालंय?” याचं उत्तर त्या तारखेत आहे.

शिवाय २०२३ च्या फायनान्स ॲक्टनं आणलेली आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेली तरतूद आहे. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर देणाऱ्या व्यावसायिकाला तो खर्च त्या वर्षी आयकरात दाखवता येत नाही. पैसे प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच वजावट मिळते. त्यामुळं मोठ्या ग्राहकाचा सीएच त्याला आठवण करतो. तुमच्या बिलावर उद्यम क्रमांक मात्र हवा, आणि नोंदणी काम घेण्याआधीची हवी. तुमच्या बाबतीत नेमकं काय लागू होतं ते तुमच्या सीएला विचारून घ्या.

एक सावधगिरी. फळ्यावर तुम्ही स्वतः लिहिलेली तारीख म्हणजे पक्का पुरावा नव्हे. म्हणून काम देताना ईमेल करा किंवा निदान लेखी मेसेज करा, आणि त्याचा फोटो किंवा पीडीएफ त्या कार्डाला जोडून ठेवा. फोनवर बदल सांगितला तर फोन ठेवल्यावर दोन ओळी पाठवा: “आत्ता बोलल्याप्रमाणे लाल रंग गडद करतोय, हा तिसरा बदल, याचे वेगळे ५०० रुपये.” ग्राहकानं अंगठा दाखवला तरी नोंद झाली. पुरावा मेसेज देतो, टूल तो मेसेज शोधून देतं.

“ग्राहक दुरावला तर?”

प्रत्येक बॅचला हा प्रश्न येतोच, आणि तो खरा आहे. कोल्हापुरात धंदा ओळखीवर चालतो. ग्राहक कुणाचा तरी मामा, कुणाचा तरी तालमीतला दोस्त. त्याच्यासमोर कायदा काढला की संपलं.

मी म्हणते, कायदा काढूच नका. नोंद काढा. किराणा दुकानदार उधारीची वही उघडतो तेव्हा कुणाला राग येत नाही, कारण वहीत दोघांचं लिहिलेलं असतं. “दादा, दोन बदल ठरले होते, हा पाचवा आहे, बघा” हे फळ्याची लिंक दाखवून सांगितलं की भांडणाची जागा हिशेब घेतो. जो ग्राहक साध्या नोंदीनंच दुरावतो, तो पैसे देताना काय करणार, याचा अंदाज तुम्हीच बांधा.

आजच करायचं काम

दहा टूलची तुलना करत बसू नका. त्यातच आठवडा जातो आणि काम तिथंच राहतं. एक टूल घ्या, सात रकाने लिहा, आणि आज हातात असलेली सगळी कामं त्यात टाका. मग फक्त ‘बिल दिलं’ आणि ‘पैसे आले’ यांच्या मध्ये अडकलेल्या कार्डांची बेरीज करा. तो आकडा तुमचाच पैसा आहे, दुसऱ्याच्या खिशात पडलेला.

दर शनिवारी डेटाची एक कॉपी पेन ड्राइव्हवर घ्या. वही आपली म्हटल्यावर ती जपायचं कामही आपलंच.

बेरीज किती आली ते कमेंटमध्ये लिहा. आकडा नको वाटला तर नुसतं ‘केली’ म्हणा, तेवढंही पुरे. कॅनबोर्ड स्वतःच्या कॉम्प्युटरवर बसवायचं कसं, ते पुढच्या व्हिडिओत पायरी-पायरीनं दाखवते. भेटूया.